सात गोण्या झेंडू

१

तिचं काम ऐकायला अगदी सोपं होतं. वाळलेल्या झेंडूची गोणी लांब टेबलावर ओतायची, पाकळ्या एकीकडे करायच्या, हिरवे देठ दुसरीकडे, काडीकचरा तिसरीकडे. पुढे त्या पाकळ्या दळून, भिजवून, गाळून त्यांचा अर्क निघायचा आणि छोट्या तपकिरी बाटल्यांतून लोकांच्या घरी जायचा. डोळ्यांना चांगला म्हणून. पाकळीत जो पिवळा रंग असतो तोच डोळ्याच्या आत, नजरेच्या बरोब्बर मध्यावर असतो, वयानं तो विटत जातो आणि फुलातून थोडा तरी परत भरता येतो, असं मालकीणबाई येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. निवडणाऱ्या बायका माना डोलवायच्या. त्यांचे स्वतःचे डोळे त्या धुळीनं बारा महिने चुरचुरत असायचे, ते सोडा.

मालकीणबाई तशा मऊ स्वभावाच्या, पण एका नियमाला धरून बसायच्या. गोणी उघडली की निवडण्याआधी, आत काय आहे ते न बघता, एक मूठ काढायची. ती कागदी पाकिटात घालून वर तारीख टाकायची आणि मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवून द्यायची. उद्या कुणी तक्रार घेऊन आलं तर माल आला तेव्हा कसा होता, हे त्या मुठीवरून कळावं.

दुसरी रीत बायकांच्या सोयीची होती. गाळून झाल्यावर फडक्यात जे राहतं ते पिळून एखादी बाटली निघते, ती ज्या बाईची पाळी असेल तिची. हिची पाळी यायला आठ महिने लागले. आणि नेमका त्याच आठवड्यात नेहमीचा माल आला नाही. कुणी तरी टेंपोवाला सात गोण्या टाकून गेला.

त्या सात गोण्या तिनं एकटीनं निवडल्या. पाकळ्यांवरून लोहचुंबक फिरवलं तर एरवी एखादा खिळा निघायचा. या वेळी टाचण्या निघाल्या. बारीक तारेचे तुकडे निघाले, सगळे एकाच पद्धतीनं वळवलेले. तिला वाटलं, कुठल्या तरी फुलवाल्याच्या दुकानातला उरलेला माल असणार. मालकीणबाईंना सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण सांगितलं असतं तर सातही गोण्या परत गेल्या असत्या आणि त्यांच्याबरोबर तिची बाटलीही. तिनं तारा, टाचण्या एका डब्यात भरल्या आणि डबा कचऱ्यात उपडा केला.

बाटली तिला सासऱ्यांसाठी हवी होती.

२

सासऱ्यांना घरात अण्णा म्हणायचे, बाहेर सगळे घड्याळजी. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद झालं तेव्हा कुणी परत न्यायला न आलेली अकरा भिंतीवरची घड्याळं त्यांनी घरी आणली आणि बाहेरच्या खोलीत लावली. पाहुणे त्या टिकटिकाटात पाच मिनिटांत कावून जायचे. घरच्यांना मात्र ती थांबली असती तर झोप आली नसती.

सहा वर्षांपूर्वी अण्णांच्या नजरेचा मधला भाग गेला. कडा राहिल्या, मध्य गेला. घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे गोल दिसायचे, काटे दिसायचे नाहीत. माणूस समोर बसला तर त्याचे कान, खांदे दिसायचे आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. तरी वेळ विचारली तर ते आवाजावरून अचूक सांगायचे, आणि वर म्हणायचे, माझे काटे गेलेत, यंत्र ठीक आहे.

त्याच सुमारास नात जन्मली. तिचं टोपणनाव भिंगरी, कारण बाई एका जागी म्हणून ठरायची नाही. घरभर धाडधाड पळायची, पडायची, रडायच्या आधी उठून परत पळायची. अण्णांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलं, तिचे पापे घेतले, पण तिचं तोंड काही त्यांना दिसलं नाही. कडेकडेनं वेणी दिसायची, कानातलं दिसायचं. एकदा ते सुनेला म्हणाले होते, "एवढंच राहिलंय बघ. नातीचा चेहरा एकदा नीट बघायचा." त्यात रडगाणं नव्हतं, साधं सांगितलं होतं. तिच्या मात्र ते मनात घर करून राहिलं. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर असायचा, पंधरा पंधरा दिवस घरी नसायचा. आई लवकर गेलेली. या घरात तिला माया लावली ती या म्हाताऱ्यानं.

३

रोज सकाळी दुधातून दहा थेंब. ती थेंब मोजायची आणि अण्णा चेहरा वाकडा करून प्यायचे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तिच्या बाहीवरची पिवळी धूळ ओळखली. चौथ्या आठवड्यात वर्तमानपत्रातला मोठा मथळा वाचला, मग त्याखालचा लहान. एवढ्याशा अर्कानं असं होत नाही, हे तिला ठाऊक होतं. मालकीणबाईसुद्धा फक्त म्हणायच्या की आहे ते टिकतं, गेलेलं येत नाही. पण समोर बसून माणूस वाचतोय म्हटल्यावर कोण कशाला शंका काढतं? तिचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तिनं कामावर सगळ्यांना हे सांगून सांगून वैताग आणला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. ती भिंगरीला शाळेतून घेऊन चार वाजता घरी आली. अण्णा बाहेरच्या खोलीत त्यांच्या दुरुस्तीच्या टेबलाशी बसले होते. टेबलापलीकडे गिऱ्हाइकासाठीचं जुनं लाकडी स्टूल. अण्णांचा चेहरा असा काही उजळला होता की तिनं विचारलं, काय झालं.

"भिंगरी आज किती शहाण्यासारखी बसली गं," ते म्हणाले. "तासभर. नुसती घड्याळं बघत होती. मी तिला पोटभर पाहून घेतली."

ती हसली. भिंगरी आणि तासभर! काल परवा कधी तरी बसली असेल पाच मिनिटं. ती सहज म्हणाली, कधी बसली होती?

"आत्ता. दोनपासून."

भिंगरी दोन वाजता शाळेत होती. आत्ताच तर दोघी पायऱ्या चढून आल्या होत्या. तिनं ते हसण्यावारी नेलं, म्हातारपणी डुलकी लागते आणि स्वप्न पडतं, असं स्वतःला समजावलं. पण भांडी घासताना तिचा हात मध्येच थांबला. अण्णांच्या डोळ्यांची चूक होऊ शकली असती, कानांचीही. वेळेत त्यांची चूक तिनं आजवर पाहिली नव्हती.

४

"अण्णा माझ्याकडे बघतच नाहीत," भिंगरीनं एका रविवारी तक्रार केली. "मी इकडे उभी असते आणि ते स्टुलाकडे बघून बोलतात."

याला तिच्याकडे उत्तर होतं. ज्यांच्या नजरेचा मध्य गेलेला असतो ते माणसाकडे सरळ बघत नाहीत, थोडं बाजूला बघतात, म्हणजे उरलेल्या कडेत माणूस येतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच अण्णांना तसं शिकवलं होतं. तिनं हे भिंगरीला सांगितलं, भिंगरीनं ओठ काढला आणि पळाली.

तरी ती अण्णांना घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आलीच. त्यांनी अण्णांच्या डोळ्यात बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले की आत काहीही सुधारलेलं नाही. मधला भाग होता तसाच वाळलेला आहे. मग ते वाचतात कसे, तिनं विचारलं. डॉक्टरांनी खांदे उडवले. डोळ्यांनी माहिती पुरवली नाही की मेंदू स्वतःच चित्रं रंगवतो, म्हणाले, पुष्कळांना न आलेली माणसं दिसतात, घाबरायचं नाही, त्रास देत नाहीत.

"त्रास कसला," अण्णा म्हणाले. "फार गुणाची आहे."

५

पुढे तिनं जे केलं त्याची तिला आजही लाज वाटते. पण तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्यानं वेगळं केलं असतं, असं मला नाही वाटत.

दुपारची वेळ होती. तिला सुट्टी होती, भिंगरी शेजारणीकडे खेळायला गेली होती आणि तिचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. अण्णा हात टेबलावर टेकून स्टुलाकडे बघत होते. त्यांनी आपली शाल काढून स्टुलाच्या कडेला ठेवली होती.

"केस कपाळावर कापलेत ते छान दिसतात तिला," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि हनुवटीवर तीळ आहे, हे कधी बोलली नाहीस. माझ्या आईला तसाच होता. सूनबाई, अगदी आमच्या घराण्याची दिसते गं."

भिंगरीच्या दोन लांब वेण्या होत्या. तिच्या हनुवटीवर काही नव्हतं.

भिंतीपलीकडे भिंगरी कुणाशी तरी भांडत होती. अकरा घड्याळं चालू होती. स्टुलावर शाल होती, आणि अण्णांच्या डोळ्यांत पाणी. सहा वर्षांनी त्यांना हवं ते मिळालं होतं. ती काय सांगणार होती? तिच्या तोंडातून निघालं ते असं:

"हो अण्णा. तुमच्यावरच गेलीय."

शाल तिनं संध्याकाळी उचलली. ती घडी करून ठेवलेली होती, पण आता पसरलेली होती, आणि गार होती. खिडकीतून वारा आला असेल, असं ती स्वतःला म्हणाली. खिडकीची कडी मात्र तिला आतून लावलेली दिसली.

६

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या खोलीत गेली. फळीवर पाकिटं ओळीनं लावलेली होती. त्या तारखेची सात सापडली. तिच्याच अक्षरातली.

निवडताना तिनं सगळं काढून टाकलं होतं. मुठीतलं काढलेलं नव्हतं. तेवढ्यासाठीच तर मूठ असते.

पहिल्या पाकिटात पाकळ्या आणि वळवलेली तार. दुसऱ्यात टाचणी, तिला अडकलेला काळ्या कागदाचा कपटा. तिसऱ्यात पाकळ्यांबरोबर पांढऱ्या रेशमी फितीचा तुकडा निघाला. फितीवर सोनेरी अक्षरं छापलेली होती. "आमच्या लाडक्या", आणि पुढे नाव सुरू व्हायचं तिथंच फीत फाटली होती. फुलवाल्याच्या दुकानात उरलेली फुलं नव्हती ती. कुणी तरी कुणाच्या तरी थडग्यावर वाहिलेली होती, आणि वाहून झाल्यावर कुणी तरी गोळा करून विकली होती.

चौथं पाकीट तिनं उघडलं नाही. ती तशीच मालकीणबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं, तारांचा डबा कचऱ्यात टाकल्याचंसुद्धा. मालकीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी फीत हातात घेतली, वाचली, पाकिटात परत घातली आणि सातही पाकिटं तिच्या हवाली केली. बाटल्या केव्हाच गेल्या होत्या, आपापल्या घरी.

७

"अण्णा, तुम्हाला मी एक खोटं सांगितलं," ती त्या संध्याकाळी म्हणाली.

"माहितेय."

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मला आधी खरंच वाटलं आपलीच आहे," ते म्हणाले. "दोन चार दिवस. मग कळलं. भिंगरी नुसती दारातून आत आली तरी माझी घड्याळं हलतात. ही येते, बसते, जाते, कशाचा म्हणून आवाज नाही. चाळीस वर्षं कानांवर काढली मी."

तिनं गोण्यांचं, फितीचं सगळं सांगितलं आणि मग कधी बोलला का नाहीत, असं विचारलं. अण्णा शाल चाचपडत राहिले. ते म्हणाले की पोरगी कुणाला त्रास देत नाही. घड्याळं बघते आणि दाराकडे बघते, परत घड्याळं बघते. शाळा सुटल्यावर ज्या पोरांना न्यायला उशीर होतो ती जशी बसतात, तशी बसते. तिला एवढंच समजतं की कोणी तरी यायचं आहे. आपली फुलं गेली तिकडे ती आली, आणि आता परत जायचं कसं ते तिला माहीत नाही.

"तिला भीती वाटते गं. मला काय वाटायचीय."

मग त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि बाटली काढून तिच्या हातात दिली. तळाशी थोडंसं उरलं होतं. थेंब माझे मी घालतो म्हणून चार दिवसांपासून त्यांनी बाटली आपल्याकडे ठेवली होती आणि ते नुसतंच दूध पीत होते.

"अण्णा, तुमचे डोळे..."

"आजच पुन्हा कडेकडेनं दिसायला लागलंय. जाऊ दे. मी तिला कुठं नेणार, मला रस्ता दिसत नाही. तू रोज एकीला आणतेसच की शाळेतून." ते थांबले. "तिला दिसेल असं कोणी तरी न्यायला पाहिजे. म्हणून तुझ्यासाठी ठेवलंय."

ती उठून आत गेली. तिला राग आला होता, म्हाताऱ्याचा, मालकीणबाईंचा, त्या टेंपोवाल्याचा. रात्रभर तिनं स्वतःला सांगितलं की आपण असलं काही करणार नाही. सकाळी तिनं बाटली चमच्यात उपडी केली. पाच थेंब निघाले. ते तिनं गिळले. कडू होते.

८

स्टुलावर तिला काहीच दिसलं नाही. ती दिवसभर निवडत बसली, काहीच नाही. डॉक्टर म्हणाले ते खरं, असं म्हणून ती हलकी झाली आणि वेळेवर शाळेच्या फाटकाशी गेली.

भिंगरीनं नेहमीप्रमाणे तिचा उजवा हात धरला आणि लोंबकळत बोलायला सुरुवात केली. बाईंनी काय म्हटलं, कुणाची पेन्सिल कुणी घेतली. रस्ता ओलांडायला दोघी थांबल्या. तेव्हा तिच्या डाव्या हाताची दोन बोटं कुणी तरी धरली.

पूर्ण हात नाही, दोनच बोटं. अनोळखी बाईचा हात धरायची वेळ आली की लहान मुलं धरतात तशी. पकड गार होती आणि घट्ट होती.

तिनं खाली पाहिलं नाही. मान ताठ ठेवून तिनं गाड्या जाऊ दिल्या. तिला हात झटकून पळावंसं वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण डोळ्याच्या कडेला, खाली, तिला कपाळावर सरळ कापलेले केस दिसले, आणि वर उचललेली हनुवटी. मग तिला हात झटकता आला नाही.

घराचं वळण आलं तसं तिनं ते सोडून दिलं. नदीकडच्या रस्त्याला दफनभूमीची लांब भिंत होती, तिथपर्यंत तिघी चालत गेल्या. भिंगरीनं फक्त एकदा विचारलं, कुठं चाललोय, आणि नवल म्हणजे उत्तराची वाट न बघता गप्प झाली. फाटकातून आत तिसऱ्या रांगेशी बोटं थोडी ओढली गेली. मग सुटली.

तिनं कनवटीतून कागदी पाकीट काढलं आणि ती मूठ फितीसकट तिथंच ठेवली. समोरच्या दगडावरचं नाव तिनं वाचलं. ते ती कुणाला सांगत नाही.

९

घरी पोचेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. मान खाली घालून ती पायऱ्या चढली, पटकन आत शिरली आणि दार लावलं. भिंगरी धाडधाड करत पुढे पळाली आणि घड्याळं हलली.

"पोचवलीस?" अण्णांनी विचारलं.

"हो."

अण्णांचा चेहरा स्टुलाकडे नव्हता, कशाहीकडे नव्हता. मध्य परत गेला होता. त्यांनी भिंगरीला जवळ बोलावलं, म्हणाले की एक मिनिट हलायचं नाही, आणि ज्या बोटांनी त्यांनी केसाएवढ्या तारा बसवल्या होत्या ती बोटं तिच्या कपाळावर ठेवली. भुवया, नाक, गालावर पडल्याची खूण, हलणारा दात. हनुवटीशी बोट थांबलं.

"काही नाही," अण्णा म्हणाले आणि हसले, आणि हसता हसता रडले. "इथं काही नाही. ही माझी भिंगरी. हे आधीच का नाही सुचलं मला?"

भिंगरी गुदगुल्यांनी खिदळत होती. सून दाराला टेकून ते बघत राहिली आणि तिच्याही डोळ्यांना धारा लागल्या. सगळं नीट झालं होतं. अण्णांनी नातीला पाहिलं होतं.

नाक पुसून अण्णांनी विचारलं, त्या गोण्या किती होत्या?

"सात."

"हं." त्यांनी शालीची घडी घातली, कडा जुळवल्या. "दाराला कडी घालू नकोस. तिला तेवढं मी आत बोलावलं होतं, लहान होती म्हणून. बाकीचे पायरीवरच बसायचे."

ती दारापासून बाजूला झाली. या वेळी दाराखालच्या फटीतून उन्हाची एक पट्टी नेहमी आत यायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग. आज ती जागोजागी तुटलेली होती. दोन दोन पावलांएवढी. तिनं पाच जोड्या मोजल्या आणि मग मोजणं सोडलं. बाहेर कुणी हालत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं.

तिच्या पर्समध्ये सहा पाकिटं होती. तिनं पर्स खांद्याला लावली, भिंगरीला अण्णांजवळ बसायला सांगितलं, आणि दार उघडलं.